पिवळी नळी आणि मागची सीट

माझी मोटारसायकल माझ्या धाकट्या पोरापेक्षा वयानं मोठी आहे. साडेतीनशे सीसीची, लोखंडी सिलिंडरची, हवेवर गार होणारी. तिचं इंजिन मी आजवर सात वेळा उघडलं आणि सातही वेळा माझ्या हातानं बंद केलं. चौथीतून माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढं साखर कारखान्यात ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर फिटर म्हणून जन्म गेला. लिहायला बसलो की अक्षर वाकडं येतं, पण नट वाकडा बसला असेल तर मला नुसत्या आवाजावरनं कळतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. कराडच्या खाली कृष्णेकाठच्या चार गावांत कुणालाही विचारा.

या गाडीच्या मागच्या सीटवर माझी कारभारीण चाळीस वर्षं बसली. एका अंगानं, पदर खोचून, उजवा हात माझ्या खांद्यावर. आमचं घरात फारसं बोलणं नाही. मी दारात, ती चुलीपाशी. पण गाडी रस्त्याला लागली की मी पुढं बघत बोलत राहायचो आणि मागनं "व्हय", "न्हाई", "गप बसा" असं येत राहायचं. शेतीचं, लेकीच्या लग्नाचं, भावकीचं, जे काय ठरलं ते सगळं त्या गाडीवर ठरलं.

लेक दिली आहे जतला. आमच्या गावाहून जत म्हणजे पेठ नाका, आष्टा, सांगली, मिरज, कवठेमहांकाळ आणि पुढं उघडं माळरान. गेल्याच्या गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं निघालो. दोन्ही अंगाला पिशव्या, तिच्या मांडीवर आंब्यांची पेटी आणि समोरनं भट्टीसारखा वारा. जत दहा-बारा मैलांवर राहिलं असताना इंजिनातनं खर्रर असा आवाज आला आणि मागचं चाक जागेवर अडकलं. मी क्लच दाबला म्हणून पडलो नाही. गाडी फरफटत रस्त्याच्या कडेला गेली. पिस्टन सिलिंडरमध्ये धरला होता. फिटरच्या भाषेत जाम.

सावलीला एक बाभळ होती, तीही अर्धी वाळलेली. एक मेंढक्या आपली मेंढरं घेऊन तिथंच उभा होता. त्यानं इंजिनाजवळ हात नेला आणि झटकन मागं घेतला. "लय बिसी झालंय, आज्जा," म्हणाला. तिकडं कढत म्हणजे बिसी. मग आपल्या बाटलीतलं पाणी ओतायला निघाला. मी ओरडलो. तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जातो. तो बिचारा बाजूला झाला आणि ते पाणी कारभारणीला प्यायला दिलं.

दोन तास आम्ही तिथं होतो. एक टेम्पो थांबला, ती पुढं ड्रायव्हरशेजारी चढली, आंब्यांची पेटी मांडीवर घेतली आणि खाली माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं, ऐका. ह्या गाडीवर मी आता बसायची न्हाई. तुमास्नी बसायचं तर बसा."

आमच्या घरात मी एक हट्टी आणि ती दुसरी. ती बोलली म्हणजे दगडावर छिन्नी बसली. त्यानंतर लेकीकडं जायचं म्हटलं की ती एसटीनं जायची. मी एकटा गाडीवर. मागची सीट रिकामी असली की ही गाडी खड्ड्यात उड्या मारते आणि बोलायला कुणी नसतं. पोरगा म्हणाला, गाडी विका, स्कूटर घेऊ. मी त्याला म्हणालो, "तू तुझी घे."

मी ठरवलं होतं. गाडी तीच राहणार आणि बाई पण तीच बसणार.

सांगलीजवळ माधवनगरात माझा एक दोस्त आहे. तीस वर्षं लेथ चालवतो. जैनाघरचा, सूर्य मावळायच्या आत जेवणारा, आणि बोलायला असा तिखट की ऐकणाऱ्याला ठसका लागावा. गाडी जाम झाली तेव्हाच मी ती टेम्पोत घालून त्याच्याकडं नेली होती. सिलिंडर घासून झाल्यावर तो म्हणाला, "फिटर, बोर मी केला. पण ऊन काय माझ्या लेथवर कमी व्हनार न्हाई. परत तापंल."

"मग तेल गार करायचं," मी म्हणालो.

मी ते उगाच म्हणालो नव्हतो. असलं इंजिन समोरनं येणाऱ्या वाऱ्यावर गार होतं हे खरं. पण वाराच गरम असला आणि गाडीवर दोन माणसं असली की सगळा ताप तेलावर येतो. तेल तापून पातळ झालं की पिस्टन कोरडा पडायला लागतो. नव्या दोनशे-सव्वादोनशेच्या पळणाऱ्या गाड्यांना पुढं एक लहान जाळी असते, ऑइल कुलर. दिसायला मोटारीच्या रेडिएटरचं पिल्लू. इंजिनातलं तेल त्या जाळीतनं फिरतं, वाऱ्यावर निवतं आणि परत आत जातं. माझ्या गाडीला खालनं वर हेडकडं, म्हणजे इंजिनाच्या माथ्याकडं, तेल नेणारा एक तांब्याचा पाइप बाहेरनंच आहे. तो काढायचा, मधी ती जाळी घालायची, झालं. कंपनीनं केलं नसंल तर काय झालं?

सांगलीच्या भंगारबाजारात मी येता-जाता शोधत राहिलो आणि या वर्षी अपघातात गेलेल्या एका गाडीचा कुलर मिळाला. जाळी चेपली नव्हती. रॉकेलनं धुतला, एक तोंड बंद करून पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या तोंडातनं हवा मारली. एक बुडबुडा आला नाही. सांगाड्याच्या पुढच्या दांडीवर, इंजिनाच्या तोंडासमोर, लोखंडी पट्टीत तो बसवला. त्याची दोन्ही तोंडं वर ठेवली. खाली ठेवली तर आत हवा अडकून बसते आणि तेल फिरतच नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. दोस्तानं लेथवर दोन टोकं करून दिली, एक खालच्या बोल्टाला आणि एक हेडच्या. इथवर आमचं काम असं झालं की माधवनगरातली दोन-तीन पोरं उभी राहून मोबाईलवर फोटो काढून गेली.

मग आली नळी.

दोस्त म्हणाला, "ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची काळी नळी घालू. आत तारंची जाळी असतीया. टोकं दाबून बसवून देतो."

मी म्हणालो, "ती जाड. वळत न्हाई. बैलाचं शेपूट लावल्यागत दिसंल. माझ्याकडं हाय नळी."

माझी सासुरवाड तासगावकडची. मेव्हण्याची द्राक्षबाग आहे आणि त्याचे फवारणीचे पंप दर हंगामात मीच दुरुस्त करतो. त्या पंपाची पिवळी नळी कशी असते ते बागवाल्यांना सांगायला नको. तिच्यावर माणूस नाचला तरी फुटत नाही. पंपाचा एवढा दाब रोज सोसते, तर इंजिनातल्या तेलाचा दाब तिला काय? मेव्हण्याच्या खोपीतनं मी न विचारता दोन हात तुकडा कापून आणला होता.

दोस्तानं नळी हातात घेतली, वाकवली, नाकाला लावली. "दाब सोशील. ताप सोशील का?"

"वीस वर्सं बघतोय मी ती नळी."

"तू तिच्यातनं औषध जाताना बघितलंस रं. कढतं तेल जाताना बघितलंस व्हय?"

"तू तुझं लेथ बघ गड्या."

तो हसला. दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "कर बाबा फवारणी."

इथं मी एक गोष्ट लिहून ठेवतो. जन्मभर मी ट्रॅक्टरांच्या हायड्रॉलिकच्या नळ्या बदलल्या. काळी नळी काय असते ते मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण पिवळीचं मी आधी बोलून बसलो होतो.

पिवळ्या नळीचे दोन तुकडे करून बसवले, एक कुलरकडं जाणारा आणि एक हेडकडं, क्लिपा आवळल्या, कुलरात आधी कुपीनं तेल भरलं, इंजिनात अर्धा कप जास्त घातलं आणि किक मारली. दोन मिनिटांत कुलरचं एक तोंड कोमट झालं. मी गाडी घेऊन घरी आलो आणि अंगणात उभी केली. कारभारीण भाकरी थापत होती.

"झालं काम," मी म्हणालो. "आता कितीबी ऊन असू दे."

"आधी एकटं जाऊन या जतला," ती तव्यावरनं नजर न काढता म्हणाली. "मग बघू."

मग बघू! जवळजवळ दोन वर्षांत तिच्या तोंडातनं एवढंसुद्धा आलं नव्हतं. लेकीनं जतला नवं घर बांधलं होतं आणि चैत्रात वास्तुशांत होती. त्याच्या आधी आठ दिवस मी एकटा निघालो. भर दुपारी जत गाठलं. बाभळीपाशी मुद्दाम थांबलो. इंजिन असं टुकटुक चालत होतं की त्या मेंढक्याला बोलवून दाखवावं वाटलं. जतमध्ये एक चहा घेतला आणि माघारी फिरलो.

कवठेमहांकाळच्या अलीकडं तेलाचा वास आला. खाली बघितलं तर उजवा पाय घोट्यापर्यंत काळा. कडेला थांबलो. हेडकडची पिवळी नळी वरच्या टोकावर फुगून सैल झाली होती आणि क्लिपेतनं सरकून बाहेर आली होती. आणखी एक-दोन मैल गेलो असतो तर हेड कोरडं पडलं असतं. इंजिन निवेपर्यंत बसलो. चाकूनं मऊ झालेलं टोक कापलं, उरलेली नळी ओढून परत बसवली आणि बाटलीतलं तेल घातलं. हळूहळू घरी आलो. नळी चुकली हे तिथंच कळायला पाहिजे होतं. कळलंही असेल. पण आठ दिवसांवर वास्तुशांत आणि तिचं "मग बघू" घरी वाट बघत होतं. मी परड्यात गेलो, तारेचा एक तुकडा घेतला आणि चारही टोकांवर चार-चार वेढे घालून पक्कडीनं पिळून काढले. वर काळी टेप गुंडाळली. कारभारणीनं विचारलं तर सांगितलं, "जाऊन आलो. पाण्यागत गेली गाडी."

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी ती नवं लुगडं नेसून, आहेराची पिशवी घेऊन अंगणात आली. मी गाडी चालू करून ठेवली होती. चांगली पंधरा मिनिटं, तेल तापून फिरू दे म्हणून. ती मागं येऊन उभी राहिली. मला वाटलं बसणार. ती पुढं आली, वाकली आणि दोन बोटांनी पिवळी नळी दाबली. भरताला वांगं भाजलंय का ते बघावं तशी.

"ही माझ्या भावाच्या बागंतली न्हवं?"

"व्हय. लय मजबूत असतीया."

"मला सांगताय?" ती उठून उभी राहिली. "लगीन व्हायच्या आदी आमच्या बागंत ही नळी पंपामागनं मीच वडायची. उन्हात पडली की मऊ पडायची आन वळंल तितं दबायची. फवारा बंद. मग बा ओरडायचा माझ्यावर. नुसत्या उन्हानं मऊ व्हनारी नळी, आन तुमी हिच्यातनं कढतं तेल सोडताय?"

मी टेपवर बोट ठेवलं. "तार बांधलीया की."

"बघितली. माझी वाळत घालायची तार दोन हात आखूड झालीया आठ दिस. धोतार वाळत घालताना कळंना व्हय मला?"

पिशवी उचलून ती चालायला लागली. एसटी स्टँड आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी हाक मारली नाही. इंजिन चालूच होतं, ते बंद केलं.

अंगणात बसून मी तार सोडली, टेप सोडली, पिवळी नळी ओढून काढली. जुना तांब्याचा पाइप मी फेकला नव्हता. तो परत लावला, कुलर नुसता शोभेला ठेवला आणि उन्हं चढायच्या आत हळूहळू माधवनगर गाठलं. दोस्त लेथवर होता. माझ्या हातात पिवळी नळी बघून त्यानं लेथ बंद केलं.

"काय रं फिटर, झाली फवारणी?"

"झाली."

"द्राक्षं आली का?"

"काळी नळी दे," मी म्हणालो.

तो पुढं एक शब्द टोचून बोलला नाही. त्यानं बोलायला पाहिजे होतं, मला बरं वाटलं असतं. शेजारच्या गल्लीत हायड्रॉलिकच्या नळ्या दाबून देणारं दुकान आहे, तिथं तो स्वतः आला. मापं मी घेतली. एक नळी बोटभर लांब ठेवायला सांगितली, कारण इंजिन हादरलं की ताण येतो. दुकानदार म्हणाला, एवढी कशाला? मी म्हणालो, एवढीच. नळी चुकली म्हणून मी सगळंच चुकतो असं नाही. नळ्या बसल्या. तेल भरलं. अर्धा तास जागेवर इंजिन चालवलं आणि मग दोघांनी नळ्या दाबून बघितल्या. हाताला दगड लागावा तशा लागल्या.

"आता जा," दोस्त म्हणाला. "पर वयनी बसत्यात का बघ."

जतला पोचलो तेव्हा पूजा उरकली होती, पंगती उठत होत्या. लेकीनं ताट वाढलं. कारभारीण बायकांत बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या काळ्या हातांकडं बघितलं आणि परत बायकांशी बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली. जावई म्हणाले, "मामी, तुमास्नी गाडीनं स्टँडवर सोडतो." त्यांची चारचाकी दारात होती. माझी मोटारसायकल तिच्या पुढं. मी नुकताच बाजारपेठेतनं एक मोठा फेरा मारून आलो होतो, इंजिन चांगलं तापलं होतं.

ती घरातनं तांब्या घेऊन आली. तवा तापला का बघायला ती बोटांनी पाणी शिंपडते, तसं तिनं आधी वर हेडवर शिंपडलं. चर्र झालं.

"हे काय मग?"

"त्ये चर्र व्हनारच," मी म्हणालो. "वरती जाळ हाय. वरचं वाऱ्यानं निवतं. तेल असतंया खाली, पोटात. तितं टाक."

तिनं खाली टाकलं. पाणी लोखंडावरनं ओघळत खाली आलं आणि थेंबाथेंबानं मातीत पडलं. तिनं परत टाकलं. परत ओघळलं. मग वाकून काळी नळी दाबली. एकदा दोन बोटांनी, एकदा अंगठ्यानं जोर लावून. जावई आणि लेक दारात उभे राहून बघत होते.

"त्या दिवशी एकटं आला तवा काय झालं हुतं?" तिनं विचारलं.

लेकीसमोर, जावयासमोर. चाळीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. दुसरं काही सांगता आलं असतं. खडा उडून लागला, क्लिप भंगारातली निघाली, काहीही. ती तांब्या धरून उभी होती आणि जावयाच्या गाडीचं दार उघडंच होतं.

"नळी निघाली," मी म्हणालो. "कवठेमहांकाळच्या अलीकडं. तेल सगळं पायावर. तुझ्या तारंनं बांधून आणली आन तुला सांगितलं न्हाई."

"दोस्तानं सांगितलं हुतं का, ही नळी घालू नगा म्हनून?"

"सांगितलं हुतं."

तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी लेकीच्या नव्या तुळशीला घातलं, तांब्या लेकीच्या हातात दिला आणि जावयांना म्हणाली, "दार लावा. उगंच उघडं नगं."

मग पदर खोचला, पिशवी मांडीवर घेतली आणि एका अंगानं मागच्या सीटवर बसली. उजवा हात माझ्या खांद्यावर. मी किक मारली. पहिल्याच किकेला गाडी चालू झाली, तशी ती रोजच होते.

जत मागं पडलं. माळावर ऊन तापायला लागलं होतं आणि समोरनं तोच भट्टीचा वारा. मी बोलायला सुरुवात केली. लेकीच्या घराचा जिना कसा अरुंद झाला, गवंड्यानं पायऱ्या कशा उंच ठेवल्या. "व्हय," मागनं आलं. पाण्याची टाकी पुढच्या बाजूला हवी होती. "न्हाई, मागंच बरी." मग दहा-बारा मैलांवर ती बाभळ दिसली. अजून अर्धी वाळलेलीच. मी गाडी जरा हळू केली.

"थांबू का? इंजिन बघाय?"

"कशाला?" ती म्हणाली. "चाललीया न्हवं. आन जाताना तासगाववरनं जाऊ. भावाची नळी कापलीया, त्याला सांगाय नगं?"

"मी सांगू?"

"मग काय मी सांगू?"

मी गाडी पुढं काढली.